तळ्याकाठचं गाळणं

हालगट्टी, ता. निपाणी
४ ऑक्टोबर

त्रिशला,

तुझं पार्सल मिळालं. सात वर्षांनी धाकट्या बहिणीकडून खोकं आलं म्हटल्यावर घरात काय काय अंदाज झाले असतील ते तूच ठरव. सुनेला, म्हणजे ऋचाला, वाटलं की आरोहीसाठी झबली असतील. मला वाटलं... जाऊ दे. उघडलं तर आत स्टीलची दोन भांडी, एक मोठं, एक लहान, एका दांडीवर समोरासमोर तोंड करून बसवायची. फॉइलमध्ये गुंडाळलेल्या स्पंजच्या दोन चकत्या. हातमोजे, चिमटा आणि चार पानांचा फॉर्म. जिनेंद्र म्हणाला, "आई, मावशीनं इडलीपात्र धाडलंय व्हय गं?"

सोबतच्या पत्रात सतरा सूचना, आणि सगळ्यांत खाली, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं, "आक्का, तू कशी आहेस?" मी बरी आहे. शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. गुडघे दुखतात. आरोही चार महिन्यांची झाली, तिचं जावळ तुझ्यासारखं कुरळं आहे.

फोनवर बोलले असते, पण पहिल्याच मिनिटात भांडण झालं असतं. पत्रात निदान मला माझं बोलणं पुरं करता येतं.

तुझं शास्त्र मी दोनदा वाचलं. सोफ्यात, टीव्हीत, बसच्या सीटमध्ये आग पकडू नये म्हणून रसायन घालतात. ते आत गप्प बसत नाही, हळूहळू हवेत येतं, धुळीला चिकटतं, वाऱ्याबरोबर फिरतं आणि मोठ्या तळ्यांत उतरतं. मग माशात, माशातून माणसात, आणि अंगातल्या चरबीत एकदा शिरलं की वर्षानुवर्षं निघायचं नाव नाही. तुम्ही तुमच्या समुद्राएवढ्या तळ्याच्या काठाकाठाने ही भांडी टांगलीत आणि आता इकडच्या तळ्याशी ताडून बघायचंय. छान. पण एवढ्या मोठ्या देशात तुला नेमकं हालगट्टीचंच तळं सापडावं? शिवाय आम्ही मासे खात नाही, हे तू कॅनडात राहून विसरली असशील.

तुझी ही खोड जुनीच. अण्णांना जाऊन चार दिवस झाले नव्हते. भेटायला आलेली माणसं बाहेरच्या सोप्यात बसलेली, आणि तू अण्णांच्या खोलीत, त्यांच्या त्या जुन्या सोफ्याखाली ओणवी होऊन ब्रशने धूळ गोळा करत होतीस. कुणीतरी म्हणालं, शिकलेली पोर आहे, वडिलांची आठवण नेत असेल. मी लाजेनं मेले. त्या दिवशी तुला जे बोलले ते मी परत घेणार नाही. त्या धुळीचा रिपोर्ट तू वर्षानं पाठवलास, तो अजून कपाटात बंद पाकिटात आहे. तेव्हापासून मी अण्णांची खोली दिवसातून दोनदा झाडते. आता चिमूटभर धूळ मिळायची नाही तिथं.

असो. भांडं आपल्या मळ्यात, तळ्याच्या बांधावर, मोटरीच्या खोलीशेजारच्या खांबाला टांगलं आहे. एक चकती आत बसवली. दुसरी कोरी चकती मिनिटभर उघडून परत फॉइलमध्ये घातली आणि फ्रिजमध्ये ठेवली. ती कोरी तुलनेसाठी, हे मला कळलं, तीनदा लिहायची गरज नव्हती.

फॉर्म भरला. अकराव्या प्रश्नाला, एक किलोमीटरच्या आत भंगारकाम, जाळणं किंवा कारखाना आहे काय, "नाही" लिहिलं आहे. जिनेंद्रने अण्णांची तंबाखूची वखार चालवायला घेतली. तू हिस्सा सोडल्याच्या कागदावर सही केलीस म्हणून ती माझ्या नावावर झाली, ते मी विसरलेले नाही. तंबाखूत आता राम राहिला नाही. त्याचं फर्निचरचं काम असतं.

तुझी आक्का,
पद्मावती

६ नोव्हेंबर

त्रिशला,

तुझं उत्तर आलं. "फर्निचरचं म्हणजे नेमकं काय?" हा प्रश्न दोनदा आहे, आणि आरोहीच्या जावळाबद्दल एक अक्षर नाही. चाळीस वर्षं शाळेत काढली मी, उलटतपासणी कशी घेतात ते मला शिकवू नकोस.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, नाहीतर मागाहून माझ्या नावानं खडे फोडशील. दिवाळीच्या पहाटे बस्तीत देवासमोर निर्वाण लाडू चढवला आणि येताना मळ्याकडून आले. भांड्यात डोकावले तर खालच्या वाटीत अकरा किडे मरून पडलेले. एका पतंगाचा पंख अजून हलत होता. भगवंतांच्या निर्वाणाच्या दिवशी, माझ्या हाताने टांगलेल्या भांड्यात. तुझ्या सतरा सूचनांत ह्यावर एकही सूचना नाही.

मग मी काय करणार? घरी आले, नवं गाळणं काढलं आणि त्या दोन्ही भांड्यांना गुंडाळून बांधलं. आई सांगायची तसंच जाड, दुपदरी, आरपार ऊन दिसू नये असं. पाणी गाळायला जे चालतं ते हवा गाळायलाही चालेल असं मला वाटलं. चुकलं असेल तर शांतपणे सांग.

आता फर्निचर. जिनेंद्र गाद्या करतो. स्पंजचा चुरा दाबून भरतात. बेळगावच्या हॉस्टेलांना जातात, खडेबाजारातल्या दोन दुकानांतही त्याच्याच गाद्या आहेत. आरोहीसाठी त्याने स्वतःच्या हातानं एक लहान गादी शिवली, पिवळ्या कापडाची. इतकी मऊ की पोर तिच्यावर पालथी पडली की रडत नाही, कोपरा तोंडात धरून चोखत बसते. ह्या वयात तुला आणि मला गोधडीशिवाय काही मिळालं नव्हतं.

बाकी ठीक. बाळाबाई अजून धुण्याला येते. परवा कुरकुरत होती, "आक्का, ह्यो काळा कोंडा कुठनं येतोय म्हनायचा? शनवारचं धुनं वाळत घालाय नगं वाटतंय." मी म्हटलं, कुणीतरी पाला पेटवत असेल.

आक्का

१० डिसेंबर

त्रिशला,

शांतपणे सांग म्हटलं होतं. तू तीन पानं भरून रागावलीस.

कापडाने वारा अडतो, नमुना वाया गेला, हे पहिलं पान. मान्य. पण तूच म्हणतेस की आता सोडू नको, तीन महिने पुरे होऊ दे, आणि कापडही फेकू नको. म्हणजे वाया गेलं तरी पाहिजेच. तुमच्या शास्त्राचं हे बरं असतं.

दुसऱ्या पानाबद्दल मला बोलायचं आहे. जुन्या सोफ्यांचा नि सीटांचा स्पंज असेल तर त्यात तेच रसायन असणार. पोर दिवसभर त्यावर लोळते, हात तोंडात घालते. शिवाय ते आईच्या दुधातूनही उतरतं. दूध बंद करू नका, गादी आजच्या आज बाजूला करा. असं लिहिलंस. मासे खात नाही म्हटलं तर दुधापर्यंत पोचलीस. आठ हजार मैलांवर बसून माझ्या घरातली एक वस्तू तू निवडलीस, आणि ती कोणती, तर बापानं लेकीसाठी शिवलेली.

ते पान मी ऋचाला दाखवलेलं नाही. शब्दकोशात घालून ठेवलं आहे. ती बाळंतपणातून आता कुठं सावरते आहे. बेळगावच्या वकिलाच्या घरातली मुलगी, तिचे आईवडील आधीच म्हणत होते की खेड्यात कशाला. तिच्या हातात हे पान दिलं तर काय होईल ते तुला नाही, मला निस्तरायचं आहे.

तू विचारतेच आहेस तर ऐक. जिनेंद्र कोल्हापूर-बेळगावहून मोडक्या बसच्या सीटा, जुने सोफे, टीव्ही आणतो. बायका स्पंज सोलून त्याचा चुरा करतात. टीव्हीची पाठ फोडून आतलं काढतात. वायरी शनिवारी वखारीच्या मागं जाळतात, तांबं सुटं करायला. झालं समाधान? डिप्लोमा झाल्यावर दोन वर्षं हा मुलगा घरात भिंतीकडे तोंड करून झोपून होता. तेव्हा तू कुठं होतीस? आज सात घरच्या चुली त्याच्यावर चालतात. गावात मान आहे. तो सकाळी उठून अंघोळ करून कामाला जातो, हे बघायला मी काय काय नवस केले ते मला ठाऊक.

परवा जेवताना तुझ्या नमुन्याचा विषय निघाला. जिनेंद्र म्हणाला, "आई, ती फ्रिजमधली कोरी चकती धाड की. मावशीला बी समाधान, आपल्याला बी ताप न्हाय. कोण बघायला येतंय?" मी त्याच्या ताटात भाकरी वाढली. ऋचा आत पोरीला पाजत होती.

चकती जानेवारीत वेळेवर मिळेल. मात्र आता कृपा करून पत्र लिहू नकोस.

पद्मावती

१४ जानेवारी

त्रिशला,

लिहू नकोस म्हटलं आणि तू खरंच लिहिलं नाहीस. एवढं तरी माझं कसं काय ऐकलंस?

कडोलीच्या साहित्य संमेलनाला मी दरवर्षी जाते. यंदा त्या रविवारी गेले नाही. तीन महिने भरले होते, भांडं उतरवायचं होतं. खरं ते लिहिते. फ्रिजमधली कोरी चकती मी पिशवीत घालून घेतली होती. नव्या फॉइलवर तारीखही टाकली होती. खांबाची चकती तिथंच तळ्यात फेकून द्यायची आणि कोरी तुला पाठवायची, असं ठरवून निघाले होते. पाचवीच्या पोरांना कॉपी केली म्हणून वर्गाबाहेर उभं करणारी मी.

बांधावर जाऊन गाळणं सोडलं. दिवाळीत पांढरंशुभ्र बांधलं होतं. वखारीच्या बाजूला ते काळं झालं होतं, बोटाला चिकट लागत होतं. तळ्याच्या बाजूला नुसतं मळकट. एका कापडाच्या दोन बाजू.

हे आधीच सांगायला हवं होतं. किड्यांसाठी बांधलं ते खरं. पण एवढं घट्ट, एकही फट न ठेवता, ते शनिवारच्या धुराकडे बघून बांधलं, हेही खरं. मला वाटलं, तुझ्या चकतीत काही शिरूच नये. बाळाबाईला पाल्याचं सांगताना मला धूर दिसत होता.

पुढं जे झालं ते सवयीनं झालं. आई गेल्यापासून रोज मी घरचं पाणी गाळते, आणि गाळण्यात राहिलेले जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात अलगद सोडते. जिवाणी जिथली तिथं, आपल्याकडे तान्ह्या पोरालाही माहीत असतं. गाळणं हातात आलं की हात आपोआप तेच करतो. मी मोटरीच्या खोलीतून पातेलं घेतलं, गाळणं उलटं केलं, तांब्यातलं गाळलेलं पाणी वरून ओतलं. पातेल्यात उतरलं ते काळं पाणी, वर तेलकट तवंग. मी पायरीवर बसून पातेलं पाण्यापर्यंत नेलं आणि थांबले. इतक्या वर्षांत तळ्याशी माझा हात कधी थांबला नव्हता. ह्यात जीव नव्हते. आणि हे ह्या पाण्यातलं नव्हतं.

मग ज्याचं होतं त्याच्याकडे निघाले. पातेलं दोन हातांत धरून, सांडू न देता, चारशे पावलं. गुडघ्यांनी शिव्या दिल्या.

जिनेंद्र वखारीत एकटाच होता, सीटांची मोजणी चालली होती. मी पातेलं त्याच्या टेबलावर ठेवलं.

"हे काय गं आई?"

"जिवाणी. जिथली तिथं सोडायला आलेय."

त्यानं वाकून बघितलं. "ह्यात जीव कुठं हाईत? नुसती काजळी हाय."

"म्हणून तर तळ्यात सोडली नाही. तुझ्याकडची आहे, तूच सोड."

तो चिडला. चिडणारच. "सात घरं चालत्यात ह्यावर. तळ्याला मीच एकटा नडलोय व्हय? हायवेला गाड्या जात्यात त्येंचा धूर न्हाय दिसत मावशीला? तूच म्हनलीस न्हवं, पोरगं कामाला लागलं म्हनून?"

"म्हटलं. अजूनही म्हणते."

त्यानं पातेलं उचललं आणि रागानं मागच्या दारी गेला, ओतून टाकायला. मी मागं गेले. दारापुढची मोरी तळ्याला मिळते, तो तिथं थबकला. पलीकडे बाळाबाईच्या मेथीचा वाफा. वखारीमागं विहीर. तो पातेलं धरून इकडून तिकडं वळला, परत वळला. मग नुसता उभा राहिला. तिसरीत असताना बाकावरची शाई सांडली की असाच उभा राहायचा.

"कुठं वतू हे आता?" तो म्हणाला.

"मला तरी कुठं माहीत आहे?" मी म्हटलं.

घरी येऊन शब्दकोशातलं पान काढून ऋचाच्या हातात दिलं. तिनं ते उभ्याउभ्या वाचलं. आरोही गादीवरच होती, कोपरा तोंडात. ऋचाने तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि मला एवढंच विचारलं, "आई, हे पान कधीपासून तुमच्याकडं आहे?"

मी म्हटलं, महिना झाला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. सोमवारी सकाळी पोरीला घेऊन ती माहेरी, बेळगावला गेली. जाताना पाया पडली. जिनेंद्रला म्हणाली, मागचं जाळणं थांबलं की कळवा, मग बोलू. पोरीचं कुरळं जावळ दारातून बाहेर जाताना मी बघत राहिले. तुझ्यावर रागावून मी तो महिना तिच्यापासून लपवला, त्रिशला. तू आठ हजार मैलांवरून सांगितलंस, आणि मी एका भिंतीपलीकडून सांगितलं नाही. तो महिना मला आता कुठून आणून देता येत नाही.

काल जिनेंद्रनं शनिवारी जाळायच्या वायरींचा ढीग कुलपात टाकला. जुन्या स्पंजचं काय करायचं ते ठरलेलं नाही. बायका येऊन बसतात, तो सीटांच्या ढिगाकडे बघतो. त्याला काय जमेल ते मला माहीत नाही. तुला काही माहीत असेल तर त्याला लिही, मला नको. आणि सूचना सतरा नकोत, दोन-तीनच लिही.

पिवळी गादी मी बाहेर काढली. तुझं पान वाचलं तेव्हापासून समजलंय की ती जाळायची नाही. तळ्यात टाकायची नाही. पुरायची म्हटलं तर माती आपलीच. कुणा गरिबाला द्यायची नाही. काय गं शास्त्र तुमचं, वस्तू वाईट आहे एवढं सांगतं आणि ठेवायची कुठं ते विचारलं की गप्प.

तुझं सात वर्षांपूर्वीचं पाकीटही उघडलं. आकडे मला कळले नाहीत. पण रसायनांची नावं तीच, ह्या फॉर्मवरचीच. शेवटी तुझ्या हातानं लिहिलेली ओळ होती, "आक्का, हे तुझ्या झाडण्यावर नाही गं. हे त्या सोफ्यातून येतं." सात वर्षं मी दिवसातून दोनदा झाडू मारत होते, तुला खोटं पाडायला.

सोबत खांबावरची चकती पाठवते आहे, खरी. कोरीही आहे, "कोरी" असं लिहून. तिच्यावर मी टाकलेली खोटी तारीख खोडली आहे, खोडलेलं दिसेल. गाळणं वेगळ्या फॉइलमध्ये आहे.

फॉर्म नव्यानं भरला. अकरावा प्रश्न: होय. अंतर, चारशे पावलं, माझी. पुढं मालकाचं नाव विचारलं आहेस. जिनेंद्रचं लिहायला पेन टेकलं होतं. मग आठवलं, वखारीच्या कागदावर नाव माझं आहे. तेच लिहिलं आणि खाली सही केली.

गादी अण्णांच्या खोलीत त्यांच्या सोफ्यावर ठेवून खोलीला कुलूप लावलं आहे. रविवारपासून मी ती खोली झाडलेली नाही. तू येईपर्यंत झाडणार नाही. येताना तुझा तो ब्रश घेऊन ये.

तुझी,
आक्का